नाडीशी वैर

माणसं भावकीशी वैर धरतात, शेजाऱ्याशी धरतात, काहीजण तर रोज सकाळी येणाऱ्या पेपरशीही धरतात. पण पायजम्याच्या नाडीशी जाहीर वैर धरणारा माणूस सबंध मराठवाड्यात एकच होऊन गेला आणि तो माझा चुलत सासरा होता. हे मी अभिमानाने सांगते. आम्ही सगळे त्यांना नुसतं काका म्हणत असू. ताडकळसला त्यांचं कापडाचं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी गादीवर बसलेले काका कपाळावर विभूती, अंगात पांढरा सदरा आणि खाली खळीचं धोतर अशा थाटात असायचे. धोतर इतकं कडक की ते मांडी घालून बसले की कापडाचा आवाज व्हायचा. गिऱ्हाईकाला ते कापड विकत नसत, आधी कापडाचं प्रवचन देत. "कापड असं पाहिजे," ते म्हणायचे, "का मानूस पडला तरी कापड हुबं राहिलं पाहिजे." मऊ कापड मागणाऱ्याकडे ते अशा नजरेने बघत की तो गुपचूप मांजरपाट फाडून घ्यायचा.

मग एका सकाळी त्यांच्या अंगावरून वारं गेलं. डावा हात लुळा पडला आणि डावा पाय मागे ओढत येऊ लागला. काकू आधीच गेलेल्या, मूलबाळ नाही, म्हणून आमचे हे जाऊन त्यांना परभणीला घेऊन आले. ह्यांची नोकरी कृषी विद्यापीठात, घर भाड्याचं, दोन खोल्या, पुढे ओसरी. काका आले ते "थोडे दिवस" म्हणून. पण ते मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. आज बंद, उद्या एसटी बंद. काकांनी पिशवी भरली की गाडी नसायची, आणि गाड्या नीट सुरू झाल्या तोवर ओसरीवरची खाट त्यांच्या नावाची होऊन गेली होती. पिशवी मग मीच एक दिवस रिकामी करून धुऊन टाकली.

काकांची सगळ्यात ठळक सवय म्हणजे खोकला. हा आजाराचा खोकला नव्हता, मर्यादेचा होता. सासरच्या थोरल्या माणसाने आत येण्याआधी खोकायचं, म्हणजे सुनेला डोक्यावर पदर घ्यायला वेळ मिळतो, ही आमच्याकडची रीत. काकांनी ती शास्त्रासारखी पाळली. स्वयंपाकघराचा खोकला वेगळा, अंगणाचा वेगळा, आणि मी न्हाणीकडे असेन तर दुरूनच एक लांबलचक खोकला यायचा. वारं गेल्यावर पाय सावकाश झाले, पण खोकला पहिल्यासारखाच तडफदार राहिला. त्यामुळे तो पुढे यायचा आणि काका बऱ्याच वेळाने. मधल्या वेळात मी पदर घेऊन, चहा गाळून, वर थोडी झाडलोटही करून घ्यायची.

धोतर नेसायला दोन हात लागतात, म्हणून त्यांच्या नशिबी पायजमा आला. सकाळी हे नाडी बांधून द्यायचे आणि सायकलवर बसून निघून जायचे. एके दिवशी घाईत त्यांनी निरगाठ मारली. दुपारी काका न्हाणीत गेले ते बाहेरच येईनात. मी दाराशी जाऊन विचारलं, "काका, काही पाहिजे का?" आतून उत्तर आलं, "न्हाई, न्हाई. आराम हाय." थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, तरी आरामच होता. आत काय चाललं असेल हे मला कळत होतं, मला कळलंय हे त्यांनाही कळत होतं; पण सासऱ्याने सुनेला नाडी सोडायला बोलवायचं, ह्यापेक्षा त्यांना मरण सोपं वाटलं असतं. शेवटी दारामागून अगदी सहज, ओसरीवर बसून मागावा तसा आवाज आला, "सूनबाई, अडकित्ता द्या जरा." न्हाणीत सुपारी कशाला, हे मी विचारलं नाही. दाराखालून अडकित्ता सरकवला. काही वेळाने काका बाहेर आले, अडकित्ता दातात आणि पायजमा मुठीत धरलेला. अडकित्ता कोनाड्यात ठेवायचीही पंचाईत, कारण मूठ सोडता येत नव्हती. तो मी खाली मान घालून त्यांच्या तोंडातून घेतला तेव्हा ते म्हणाले, "सुपारी लय कठीन होती."

संध्याकाळी हे घरी येताच काकांनी हुकूम काढला, "आजपासून ह्या घरात नाडी बंद." तिथून पुढे त्यांनी कपड्यांचा नवा धर्मच स्थापन केला. पायजम्याला इलॅस्टिक आलं. सदरे समोरून खालपर्यंत फाडून त्यांना टिचबटणं लावली गेली, कारण टिचबटण एका बोटाने दाबलं की बसतं. आयुष्यभर कडक कापडाची तारीफ केलेला हा माणूस आता दुकानात गेला की कापड गालाला लावून बघायचा. कुठलीही नवी वस्तू आली की त्यांचे प्रश्न ठरलेले, "एका हातानं होतंय का? बसल्या बसल्या होतंय का?" दोन्हीचं उत्तर हो आलं तरच ती वस्तू पास. विभूतीवर ते ह्याच कारणाने खूष होते. एका हाताच्या तीन बोटांनी ती ओढता येते, म्हणजे देवाने आपला विचार आधीच करून ठेवलाय, असं त्यांचं मत होतं. लुळ्या हाताला ते "पाव्हना" म्हणायचे. सदरा घालताना आधी तो हात बाहीत घालायचा आणि काढताना तोच शेवटी काढायचा. "पाव्हना पंगतीला आधी बसतो अन् सगळ्यायच्या शेवटी उठतो," ते सांगायचे. "त्याला घाई करायची न्हाई."

पायातल्या चपलेने मात्र त्यांना पुष्कळ दिवस रडवलं. काका पुढे जायचे आणि डावी चप्पल मागे राहायची. रस्त्यातली माणसं ती आणून द्यायची आणि वर तब्येतीची चौकशी करायची, ह्याचा त्यांना मनापासून वैताग होता. शेवटी बाजारात त्यांना हवं ते सापडलं. शाळेतल्या मुली घालतात ते पट्ट्याचे काळे बूट. बक्कल काढून टिचबटण लावलं की काम झालं. डावा पाय सुजलेला असायचा म्हणून त्यांनी दोन जोड घेतले, एक मोठा, एक लहान. मोठ्यातला डावा आणि लहानातला उजवा घालून ते गल्लीतून निघाले. पोरी फिदीफिदी हसल्या. काका त्यांना म्हणाले, "हसा, हसा. मी काय नवरदेव हाय का?" उरलेला विजोड जोड त्यांनी फडक्यात बांधून ठेवला आणि उजवा पाय सुजलेल्या माणसाचा शोध सुरू केला. दवाखान्यात, लग्नात, कीर्तनात, कुठेही गेले की त्यांची नजर आधी लोकांच्या पायांकडे. एका लग्नात नवरदेवाचे नवे बूट चावत होते हे त्यांनी चालण्यावरून ओळखलं आणि बूट पळवणाऱ्या करवल्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "वापस देऊ नका पोरीहो, पुन्य लागंल."

अशात माझाच उजवा खांदा धरला. हात खांद्याच्या वर जाईना. वेणी घालताना डोळ्यांत पाणी यायचं, पोलक्याच्या बाहीत हात घालताना जीव जायचा. पण मला खरी भीती होती ती पदराची. काकांचा खोकला आला की हात वर न्यायचा कसा? सांगावं तर आजाराचं निमित्त करून डोकं उघडं ठेवते म्हणतील, आणि आमच्यात असा शब्द एकदा सुनेला चिकटला की नातवंडं झाली तरी सुटत नाही. म्हणून मी कुणालाच सांगितलं नाही. खोकला आला की मान वाकवायची, डाव्या हाताने पदर ओढायची आणि तोंड फिरवून कळ गिळायची. काका दाराबाहेर उभे राहायचे. मग ते जास्त वेळ उभे राहू लागले. एकदा खोकला झाला आणि एका हाताने काही केल्या पदर डोक्यावर जाईना. चूल विझत आली होती, मी तशीच रडत उभी होते. बाहेरून काका म्हणाले, "सूनबाई, खांदा दुखायलाय का?" मी चुलीत फुंकर घातली. "तुमच्याकडं बी पाव्हना आला म्हना की," ते म्हणाले.

मग उंबऱ्याबाहेर, माझ्याकडे पाठ करून बसून त्यांनी आपला सदरा काढून आणि घालून मला दाखवला. पाहुणा आधी, पाहुणा शेवटी. पोलक्याची बाही सैल करा, पुढे टिचबटण लावा, सगळं भिंतीकडे बघून सांगितलं. पदरावरही त्यांचा पहिला उपाय टिचबटणच होता. अर्धं पदराला, अर्धं अंबाड्याच्या जाळीला. मी पाटावरून उठले तसा पदर पाटाखाली अडकला आणि अख्खा अंबाडा सुटून पाठीवर आला. काका भिंतीकडे बघतच म्हणाले, "जाऊ द्या मंग. एका हातानं होत न्हाई ते ह्या घरात बंद हाय. पदर खांद्यावर राहू द्या." दुसऱ्या दिवशी सकाळी ते न खोकता स्वयंपाकघरात आले. इतकी वर्षं पुढे चालणारा खोकला त्यांनी माझ्यासाठी बाहेर ठेवला. त्या दिवशी चहा मी त्यांच्या समोर, उघड्या डोक्याने गाळला, आणि मला मोकळं वाटलं. कुणी माझ्यासाठी इतकं केल्याचं मला आजही आठवत नाही.

काकांची थोरली बहीण पाथरीहून आली. तिने आल्या आल्या विचारलं, "काय रं, सून बोडक्यानं फिरायलीय अन् तू बगत बसलास?" काका म्हणाले, "अक्का, माझी नाडी बंद, तिचा पदर बंद. कायदा सगळ्यायला एकच." अक्का दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. जाताना मात्र तिने मला कोपऱ्यात बोलावून परकराला घालायला इलॅस्टिक मागितलं.

पुढे शेकाने आणि व्यायामाने खांदा बरा झाला. हात वर जायला लागला त्या सकाळी मी रीतीप्रमाणे डोक्यावर पदर घेऊन काकांसमोर चहा ठेवला. त्यांनी वर बघितलं. "दुखायचा राहिला का खांदा?"

"हो काका, बरा आहे आता."

त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. "तरी दुखायलाय म्हनूनच सांगत जा सगळ्यायला," ते म्हणाले, आणि चहा पिऊन खाटेवर जाऊन बसले.

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. उजवा पाय सुजलेला माणूस त्यांना शेवटपर्यंत भेटला नाही; तो विजोड जोड फडक्यासकट अजून आमच्या माळ्यावर आहे आणि दिवाळीच्या आवराआवरीत दरवर्षी मी तो पुसून पुन्हा ठेवते. सासरकडचं कुणी थोरलं माणूस येऊन दाराबाहेर खोकलं की माझा हात सवयीने डोक्याकडे निघतो आणि अर्ध्यावरच थांबतो. पाहुणे विचारतात, खांदा अजून दुखतो का. मी हो म्हणते.