चिंचेत घासलेले दगड

माझं लग्न दगडांशी झालं, असं मी चिडले की म्हणायची. आमचे हे सरकारच्या भूगर्भ खात्यात होते. वर्षातले नऊ-दहा महिने राजस्थानात, तांब्याच्या जुन्या खाणींच्या मुलखात तंबू ठोकून राहायचे, आणि मी चिंचवडला दोन खोल्यांत. पुण्यात जागा परवडेना म्हणून आम्ही इथे आलो. आलो म्हणजे मीच आले. ह्यांनी ट्रंक उतरवली आणि चौथ्या दिवशी गाडी पकडली.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. पिंपरीच्या अंगाला कारखान्यांच्या भिंती उठू लागल्या होत्या, पण आमच्या घरामागे नुसती शेतं, थेट चिखलीपर्यंत. मूलबाळ नव्हतं. एकटीसाठी स्वयंपाक तो किती करणार? सकाळची भाजी रात्री, रात्रीची सकाळी. बोलायला कुणी नाही म्हणून मी स्टोव्हशी भांडायची. तोही धड पेटायचा नाही मेला. घरमालकीण उजाडता शेतावर जायची, जाताना अंगणातूनच विचारायची, सायेब कवा येनार म्हणून. मी म्हणायची, येतील. त्या ‘येतील’चा मला अगदी वीट आला होता.

ह्यांच्या पत्रांतही दगडच. ‘प्रकृतीस जपावे’ एवढं घरचं, मग दोन पानं खाणी. पूर्वीच्या लोकांनी हातांनी खणलेली विवरं, आत शिरायचं तर रांगत, भिंतींवर अजून छिन्नीच्या खुणा. तांबं काढून ती माणसं कुठे निघून गेली कोण जाणे. भट्ट्यांतल्या काळ्या मळीचे ढीग तेवढे मागे राहिलेले. वाचताना मला त्या माणसांच्या बायकांचंच काहीबाही मनात यायचं.

एक पत्र मात्र निराळं आलं. एका जुन्या विवरात ह्यांना तांब्याचा लाल दगड सापडला होता. त्याला क्यूप्राइट म्हणतात. जमिनीत तांब्याला हवा-पाणी लागून लागून होणारं ऑक्साइड ते, एका परीने गंजच म्हण, असं ह्यांनी मला समजावून लिहिलं होतं. पण उजेडात धरला की कडा डाळिंबाच्या दाण्यासारख्या लाल दिसतात. असा दगड वरच्या थरात मिळाला की खाली आणखी तांबं असण्याचा संभव असतो. आणि शेवटी लिहिलं होतं की, हे नमुने पुण्याच्या साहेबांना पटले तर अहवाल लिहायला मला पुण्यातच ठेवतील. वर्षभर तरी घरी राहीन.

ती ओळ मी किती वेळा वाचली ते विचारू नका. घरमालकिणीकडून दुसरी खाट मागून आणली. खिडकीला पडदे शिवले. महिनाभर माझे पाय जमिनीवर नव्हते. अंगणातून प्रश्न आला की मी आपण होऊन चार वाक्यं जास्त बोलायची.

पाडव्याच्या दोन दिवस आधी रेल्वेने एक खोका आला. तिथला तळ हलवायचा होता, हलवाहलवीत सामान गहाळ व्हायचं, म्हणून ह्यांनी नमुने घरी पाठवले होते. खोक्यावर ह्यांच्या अक्षरात माझं नाव. आधी किती तरी वेळ मी नुसती त्यावर हात ठेवून बसले. मग खिळे उपसले. पेंढ्यात कागदात गुंडाळलेले तीन दगड आणि एक चिठ्ठी: तांबे, जुनी खाण, वरचा थर. माझी तर निराशाच झाली. डाळिंब कुठलं आलंय? काळपट, मातकट, वर हिरवे डाग. आता तांब्यावर हिरवं चढलं तर काय करायचं, हे कुठल्या बाईला सांगावं लागतं?

दुसऱ्या दिवशी गुढीचा तांब्या घासायचा होताच. मातीच्या परळात चिंच कोळली, मीठ टाकलं, आणि तांब्या, ताम्हन, पळी या भांड्यांबरोबर ते तिन्ही दगड बुडवून ठेवले. दुपारी नारळाच्या शेंडीने खसाखसा घासले. हिरवं गेलं, काळं गेलं, खाली लखलखीत तांबं. घरमालकीण म्हणाली, सोन्यावानी झालं की. आल्याबरोबर ह्यांच्या नजरेस पडावेत म्हणून मी ते समोरच्या फडताळात मांडले. माझं मलाच कौतुक वाटत होतं.

चार दिवसांनी पत्र आलं. खोक्याच्या आधी यायचं ते मागून आलं. खोका उघडू नये. उजेडाने रंग काळवंडतो. पाणीसुद्धा लावू नये.

तोंडचं पाणी पळालं माझ्या. धावत फडताळापाशी गेले. लाल कड शोधली, कुठे असेल तर. आंबटाने सगळी खाल्ली होती. राहिलं होतं ते आमच्या घासलेल्या पळीसारखं. ह्यांना घरी आणणारी एकच गोष्ट होती आणि ती मी माझ्या हातांनी धुऊन टाकली. पंधरा दिवस मी रडले, स्वतःला नाही नाही ते बोलले. घरमालकीण समजूत घालायला आली, आवो दगूडच न्हवं का, म्हणाली, तर तिच्यावरही खेकसले.

हे आले तेव्हा चहाचंही न विचारता दारातच सगळं सांगून टाकलं. ह्यांनी एकेक दगड खिडकीशी नेऊन पाहिला. “चिंच का?” एवढंच विचारलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दगड घेऊन पुण्याला गेले आणि मी देव पाण्यात घालून बसले.

संध्याकाळच्या गाडीने परत आले. हातपाय धुऊन पाटावर बसले. मला विचारायचा धीर होईना. मग आपणच सांगू लागले. दगड पाहून साहेब हसले म्हणे. गेले तर गेले, नकाशे आहेत, नोंदी आहेत, उद्यापासून इथेच लिहायला बसा, म्हणाले. माझा जीव भांड्यात पडला. पोळीवर तूप जास्तच ओतलं मी. बोलतच सुटले, टेबल कुठे लावायचं, कंदील कुठला घ्यायचा.

हे खाली बघून जेवत होते. परवाच्या गाडीने निघतोय, म्हणाले.

उन्हाळ्यात तिथे आग पेटलेली असते, कुणी जायला तयार नसतं, हे मला ठाऊक होतं. साहेबांनी पाठवलं का, असं मी विचारलं.

“नाही. मीच मागून घेतलं. दुसरे नमुने आणतो म्हटलं. माझं इथे मन लागत नाही गं.”

त्या रिकाम्या घरात मी कितीदा एकटी बसले होते, पण हा माणूस समोर जेवत असताना वाटलं तेवढं एकटं मला कधी वाटलं नव्हतं.

“मग पत्रात कशाला लिहिलंत, घरी राहीन म्हणून?”

“तुला बरं वाटावं म्हणून.”

“वाटलं होतं,” मी म्हणाले, आणि त्यांना भात वाढला.