ऑर्व्हलने भरलेली काडतुसं

जंगली चेरी उकळून झाली होती. आयडेलाने ती जाड फडक्यात बांधून कपाटाच्या मुठीला टांगली होती आणि खालच्या पातेल्यात रस थेंब थेंब गळत होता. साखर अजून पोत्यातच होती, बरण्या गरम पाण्यात पडून होत्या. मी झाकणं पुसत बसले होते. तेवढ्यात माझा थोरला भाऊ ऑर्व्हल तळघरातून वर आला आणि त्याने झाकणं कोपराने बाजूला सारून टेबलावर रायफल आडवी ठेवली.

"हात पूस आणि इकडे ये," तो बायकोला म्हणाला. "या कडीतून माशी दिसते का सांग."

"मला जेली करायची आहे, ऑर्व्हल."

"जेली कुठे पळून जात नाही."

"एल्कसुद्धा माझ्या स्वयंपाकघरातून पळत नाहीत."

तरी तिने हात पुसले. नळीच्या टोकाला जो बारीक मणी असतो त्याला माशी म्हणतात. मागच्या खाचेतून किंवा कडीतून ती पाहायची, जनावरावर टेकवायची आणि चाप ओढायचा. ऑर्व्हलची रायफल जाड नळीची, चापाखालचा दांडा खाली-वर करून भरायची. आमच्या दरीत झाडी इतकी दाट आहे की अस्वल किंवा एल्क, म्हणजे सांबरासारखं मोठं हरीण, दिसतं तेव्हा ते अंगणाच्या टोकाइतकंच लांब असतं, म्हणून इथे अशाच रायफली चालतात. तीस वर्षं त्याने तिच्यावर शिंगांच्या आकाराची जुनी खाच ठेवली होती. या वसंतात ती काढली आणि बारीक भोकाची कडी बसवली. मग मोठ्या भोकाची. पितळी माशीला पांढरा रंग दिला, मग ती माशीच काढून उजेडात चमकणारी लाल माशी मागवली. दर वेळी आठवडाभर खूश असायचा आणि मग दोष कडीचा निघायचा, नाहीतर माशीचा.

आयडेलाने रायफल खिडकीबाहेर धरली.

"दिसते की. मसुराएवढी. चष्म्याशिवाय दिसते."

ऑर्व्हलने तिच्या हातातून रायफल घेतली आणि तो जिना उतरला. आयडेला माझ्याकडे बघून म्हणाली, "आता कडीचं भोक चुकीचं निघेल बघ." मग ती साखर मोजायला लागली.

खरं तर सोपा उपाय होता. सेल्मर रोन्निंग त्याच्या बरोबरीचा. दोघे लाकडाच्या गिरणीत एकाच करवतीवर उभे राहिलेले. त्याने चर्चच्या तळघरात कॉफी पिताना सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "माझ्याकडे छोटी दुर्बीण पडून आहे. लाव ती. म्हाताऱ्या डोळ्यांना देवाने काचा दिल्यात त्या वापरायला."

"दुर्बीण लावायला मी काय चंद्रावरची शिकार करतो?"

"चंद्र तरी दिसतो का तुला?"

सगळे हसले. ऑर्व्हलसुद्धा हसला, पण कॉफी अर्धी ठेवून उठला. का उठला ते आयडेलाला आणि मला ठाऊक होतं. रायफलीवर दुर्बीण चढली की दरीला कळणार. आणि ज्याला स्वतःची माशी दिसत नाही, त्याच्याकडे काडतुसं भरायला कोण देईल?

कारण आमच्या दरीत काडतुसं ऑर्व्हलच भरायचा. उन्हाळा संपत आला की माणसं आपापल्या रिकाम्या पितळी पुंगळ्या कॉफीच्या डब्यात घालून, डब्याला नावाची पट्टी चिकटवून त्याच्या मागच्या पायरीवर ठेवून जायची. धुण्याच्या यंत्राशेजारी त्याचं टेबल. पुंगळी घासायची, बुडातली ठिणगी देणारी जुनी टोपी काढून नवी बसवायची, तराजूवर दारू तोलून ओतायची, वर बोथट शिशाची गोळी दाबायची. बोथटच, कारण या रायफलीत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकापाठोपाठ एक झोपतात आणि टोकदार गोळी पुढच्याच्या टोपीवर टेकली तर शिकाऱ्याचीच शिकार. गिरणीत तो कुणाचाच मुकादम झाला नाही, चर्चच्या मंडळावर त्याला कुणी घेतलं नाही, पोटचं मूल देवाने दिलं नाही. पण हिवाळ्यात दरीतल्या प्रत्येक घराच्या शीतपेटीत जे मांस असायचं त्यात ऑर्व्हलचा हात असायचा, आणि हे तो कधी बोलून दाखवत नसला तरी चालण्यात दिसायचं.

या काडतुसाची एक खोड आहे. तेच काडतूस दोन तऱ्हेच्या रायफलींत बसतं. दांड्याच्या रायफली मजबूत, त्यांना जोरकस दारू लागते. पण सेल्मरकडे आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या हार्लन ट्वेटकडे आजोबांच्या वेळच्या झाकणाच्या रायफली होत्या. मागचं झाकण उचलून एकेक काडतूस घालायचं. त्या म्हाताऱ्या लोखंडाला हलकीच दारू सोसते. बाहेरून दोन्ही काडतुसं जुळी. म्हणून ऑर्व्हल पुंगळी घासून झाली की बुडाला नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा आणि दारू ओतताना तो रंगच बघायचा. झाकणवाल्यांना निळा, दांडेवाल्यांना हिरवा. दोन्ही बाटल्या चर्चच्या जुन्या सामानाच्या बाजारातून आणलेल्या. निळा ठिपका दिसला की सेल्मर डोळे मिटून काडतूस रायफलीत घालायचा. वर्षानुवर्षं तसंच चाललं.

शिकारीच्या हंगामाआधी सगळे खडीच्या खाणीत जमतात आणि नेम जुळवून घेतात. बायका मागच्या गाड्यांशी सँडविच घेऊन बसतात. त्या दिवशी ऑर्व्हल आपली नवी लाल माशी घेऊन आला होता आणि अजून एकही गोळी झाडली नव्हती. "उजेड अंगावर येतोय," म्हणत होता. सेल्मरने झाकण उचललं, काडतूस घातलं, झाकण बंद केलं.

"तुझ्या आधी माझाच नंबर लागणार असं दिसतंय," तो म्हणाला. "तू ऊन उतरायची वाट बघ."

आवाज नेहमीचा नव्हता. कापड फाटावं तसा काहीतरी त्यात होता. झाकण वर उडालं होतं आणि सेल्मर आपल्या उजव्या हाताकडे बघत उभा होता, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा आहे. ऑर्व्हलनेच धावत जाऊन आपल्या शर्टाने तो हात बांधला. माझ्या नवऱ्याने गाडी काढली. अंगठा वाचला नाही.

इस्पितळात विचारलं तेव्हा सेल्मर म्हणाला, "माझी मीच भरली होती." सेल्मरच्या घरी काडतुसं भरायचं यंत्र कधीच नव्हतं हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. ऑर्व्हलही तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी आयडेला धुणं घेऊन तळघरात उतरली, तर तो दिव्याखाली बसला होता. सेल्मरच्या डब्यातलं एक काडतूस उघडून दारू तराजूत ओतली होती. ती जोरकस होती, झाकणाच्या रायफलीला कधीच न सोसणारी. पुंगळीच्या बुडाला मात्र ठिपका निळा. समोर दोन्ही बाटल्या.

"यातली निळी कुठली?" त्याने विचारलं.

आयडेला मला हे सांगताना रडली नाही. तिने धुण्याची टोपली खाली ठेवली होती एवढंच म्हणाली.

"तुझ्या डाव्या हातातली."

"इथे उजेड कमी आहे."

"ऑर्व्हल, त्याच संध्याकाळी तू हार्लनचाही डबा भरलास, तो आता त्याच्या घरी आहे. त्यातल्या काडतुसांवरही निळेच ठिपके आहेत."

"हार्लन आता कुठे जातो शिकारीला."

"गेल्या वर्षी गेला होता. एल्क मारून आणलं. आपण खाल्लं."

त्यावर त्याने दारू परत डब्यात ओतली आणि टेबल पुसलं. हंगाम पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी सुरू होणार होता.

त्याआधीच्या रविवारी पाद्रींनी सेल्मरसाठी प्रार्थना केली आणि ऑर्व्हलने सगळ्यांबरोबर आमेन म्हटलं. मी त्याच्या शेजारीच होते. नंतर कॉफीच्या टेबलावर कुणी म्हणालं, शंभर वर्षांचं लोखंड, कधीतरी जाणारच. "जाणारच," ऑर्व्हल म्हणाला. माणसं त्याच्याशी जरा जास्तच गोड बोलत होती. बटाट्याचा भाजलेला पदार्थ त्याच्याच पुढे आधी सरकवला गेला. पण चर्चमधून घरी येताना मी पाहिलं, त्याच्या मागच्या पायरीवर भरायला आलेले दोन डबे होते तिथे एकही नव्हता. कुणीतरी प्रार्थनेच्या वेळातच येऊन आपले उचलून नेले होते. इथली माणसं तोंडावर बोलत नाहीत. ती डबा उचलतात.

आठवड्याच्या मध्यात सेल्मर स्वतः आला. हाताला पांढरं बोचकं. मी आयडेलाकडे पाव घेऊन गेले होते, म्हणून होते तिथे. आयडेलाने त्याला खुर्ची दिली, कॉफी डाव्या बाजूला ठेवली.

"दुखतं का?" ऑर्व्हलने विचारलं.

"नसलेला अंगठा दुखतो. गंमत आहे."

"लोखंड जुनं होतं, सेल्मर."

सेल्मरने कॉफीचा घोट घेतला. डाव्या हाताने कप धरायची सवय नव्हती, थोडी सांडली. आयडेलाने पुसायला फडकं उचललं आणि ती ते तसंच हातात धरून उभी राहिली.

"बरं," तो म्हणाला. "लोखंड जुनं होतं. हार्लनचंही जुनंच आहे. मी त्यासाठी आलोय."

"हार्लनला तूच सांग ना."

"मी काय सांगू? की माझी मीच भरली होती?"

उत्तर आयडेलाने दिलं, आणि मी तिला त्या स्वरात कधी ऐकलं नव्हतं.

"लोखंड नव्हे रे. डोळे जुने झालेत. कड्या बदलल्यास, माश्या बदलल्यास. त्याऐवजी एकदा डॉक्टरकडे गेला असतास तर या माणसाला आज शर्टाची बटणं लावता आली असती. माझ्या हातची जेली खातोस, तिचा रंग तरी दिसतो का?"

"बाहेरच्यांसमोर नको," ऑर्व्हल म्हणाला.

"बाहेरचा कोण? हा? हा तुझ्यासाठी खोटं बोललाय."

देवाने अशा वेळी माणसाच्या तोंडून खरं काढावं अशी माझी भाबडी समजूत होती. तसं झालं नाही. ऑर्व्हल म्हणाला, "मी हार्लनला सांगेन, दारूचा नवा डबा खराब निघाला. कारखान्याची चूक. मग कुणालाच वाईट वाटायचं कारण नाही."

सेल्मरने टोपी उचलली. डाव्या हाताने ती डोक्यावर वाकडी बसली, ती त्याने सरळ केली नाही.

"कारखान्याबद्दल काय हवं ते सांग," तो म्हणाला. "माझ्या अंगठ्याचं मला कुणी विचारणार नाही. तू डबा परत आण."

तो गेल्यावर ऑर्व्हलने कोट घातला आणि गाडीची किल्ली शोधायला लागला. ती खिळ्यालाच होती. आयडेलाने ती काढून आपल्या खिशात टाकली.

"गाडी मी चालवीन. ओढ्याची वळणं तुला दिसणार नाहीत. पण हार्लनच्या दारात मी उतरणार नाही. तिथे काय बोलायचं ते तुझं तू आणि देव बघा."

तिने आधी पाव कापला, त्याला दोन तुकडे खायला लावले. आता ऑर्व्हलला ओढ्याच्या वर हार्लन ट्वेटच्या घरी जाऊन काडतुसांचा डबा परत आणायचा आहे.