उलटी घडी

"कपडे पिळताना लचकलं असेल," कंपनीचा वकील म्हणाला. "घरी काय बायकांना काम कमी असतं?"

'तुमच्या घरी कोण पिळतं हो?' हे धाकट्या जावेच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण समोर कामगार नुकसानभरपाई कार्यालयातल्या अधिकारी मॅडम बसल्या होत्या. मनगटातली दबलेली नस मोकळी करायची शस्त्रक्रिया कंपनीच्या खर्चाने होणार की नाही, ते त्याच ठरवणार होत्या. उशीर झाला तर बोटांतली ताकद परत यायची नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

शर्टांच्या कारखान्यात लग्नाआधीपासून तिच्या हातात वाफेची इस्त्री. इस्त्री फिरवायची, घडी घालायची, खिशात आपल्या नंबरची चिठ्ठी सरकवायची. शेजारच्या टेबलावर तिची थोरली जाऊ. घरी दोघींचं भांड्याला भांडं लागून रोज वाजायचं. कारखान्यात मात्र एकीचा डबा दुसरीशिवाय उघडत नसे.

"मॅडम, हात एवढा दुखत होता, तर काम कमी कसं झालं नाही?" वकिलाने विचारलं. "हिच्या नंबरचे शर्ट शेवटपर्यंत पूर्ण निघत होते!"

उत्तर धाकटीला ठाऊक होतं. कुणी मागे पडली की शेजारणीने चार शर्ट जास्तीचे इस्त्री करून त्यांत तिची चिठ्ठी टाकायची, ही त्या टेबलांमधली रीतच. विचारायचं नाही, आभार मानायचे नाहीत. मागे राहिली तिला कंपनी घरी बसवते. महिनोन्महिने धाकटीचे निम्मे शर्ट थोरलीने काढले होते. तीच मदत आता गळ्याशी आली होती. खरं बोलावं, तर दुसरीच्या नंबरची चिठ्ठी टाकली म्हणून थोरलीची नोकरी जाणार.

सकाळी बस थांब्यावर यावरूनच जुंपली होती.

"मी सांगते सगळं."

"ताई, तुम्ही तोंड उघडलंत तर मी दावाच मागे घेईन!"

"घे की. तुझी वेणी सध्या मीच घालते, विसरू नकोस. अशी ओढीन की बोंबलशील."

आता कंपनीचा सुपरवायझर साक्षीला उभा राहिला. हातात नमुन्याचा शर्ट.

"मॅडम, हिचं कामात लक्षच नव्हतं. हिच्या नंबरचे शर्ट उलट्या घडीचे यायला लागले. डावी बाही वर! मी सगळ्यांसमोर झापलं हिला."

मागच्या बाकावर कुणीतरी फसकन हसलं.

"कोण हसलं?" मॅडमनी मान वर केली.

थोरली उठली. "मी, मॅडम. घडी माझी, बोलणी हिने खाल्ली. मी डावखुरी. घाईत हात चालला की घडी उलटी पडते."

"ताई, खाली बसा! खड्ड्यात गेला दावा!"

"गप गं. थोरली तू की मी?"

मॅडमनी सुपरवायझरच्या हातातला शर्ट मागून घेतला. "दोघींनी घाला घडी. भरभर."

थोरलीने डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच घडी ठेवली. डावी बाही वर.

मग धाकटी. आता माघार घेतली तर थोरलीचं उठणं फुकट. तिने शर्ट उलगडला. पहिली बाही बसली. दुसरी दुमडताना बोटं सुटली, शर्ट सरकून जमिनीवर. तिने उचलला. पुन्हा सुटला. कपाळावर घाम.

"राहू द्या," मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम. करते पूर्ण."

दात आवळून तिने केली. वेडीवाकडी, पण उजवी बाही वर.

"मग हिच्या नंबरचे ते उलटे शर्ट कोणाचे, साहेब?" मॅडमनी विचारलं.

इजा वर्षानुवर्षं इस्त्री फिरवण्याच्या कामामुळेच झाली, शस्त्रक्रिया कंपनीने करून द्यावी, असा निकाल त्याच दुपारी मिळाला. दारात वकील थोरलीला म्हणाला, "बाई, तुमच्यावर कारवाई होणार."

ती तोऱ्यात पायऱ्या उतरली खरी, पण खाली येऊन मटकन बसली.

"गेली गं माझी नोकरी."

धाकटीने डावा हात पुढे केला. "उठा. कुठल्या खिडकीवर अर्ज द्यायचा, कोण टोलवतं, कोण ऐकतं, सगळं पाठ झालंय मला. आता तुमच्यासाठी भांडते."

"आणि हात?"

"भांडायला तोंड लागतं, ताई. ते धडधाकट आहे."

"ते मला सांगू नकोस," थोरली म्हणाली आणि तिचा हात धरून उठली.