भुलूचं नाक

डिसेंबरातल्या सकाळी कोलकात्याजवळच्या बराकपूरच्या मैदानावर धुकं इतकं खाली उतरलेलं असतं, की गवत दिसत नाही, नुसतं चपलेतल्या बोटांना गार लागतं. पलीकडे गंगा आहे हे एखाद्या बोटीच्या भोंग्यावरूनच कळतं. अशा सकाळीला स्वतःचा एक वास असतो म्हणे, भिजल्या मातीचा, कोळशाच्या धुराचा, नदीकाठच्या गाळाचा. म्हणे असं म्हणायचं कारण, तीन वर्षांपूर्वीच्या एका तापाने माझं घ्राणेंद्रिय जे नेलं ते परत आणून दिलंच नाही.

डोळे गेले, कान गेले, की लोक हळहळतात. नाक गेलं, की गंमत करतात. बँकेतल्या बदलीने आम्ही कोलकात्यात आलो तेव्हा आमचे हे म्हणाले, "बरंच झालं की, मासळीबाजारात सुखाने हिंडशील." मीही हसले. पण फोडणी जळाली हे धूर डोळ्यांत गेल्यावर कळावं, मोगऱ्याचा गजरा नुसता पांढरा दिसावा, यात हसण्यासारखं काय आहे? हळूहळू मी ते कुणाला सांगणंच सोडून दिलं. कुणी अत्तराची कुपी पुढे केली, की "वा" म्हणायचं आणि सुटका करून घ्यायची.

अशा माझ्या घरात भुलू आला. कालीपूजेच्या फटाक्यांनी भेदरलेलं ते रस्त्यावरचं तपकिरी कुत्रं आमच्या जिन्यात शिरलं, दार उघडं दिसताच पलंगाखाली गेलं आणि आठ महिने तिथंच राहिलं. आम्ही खोलीबाहेर पडल्याशिवाय जेवत नसे. कुणी शिंकलं तरी थरथरे. प्रेमाने जवळ घ्यावं म्हटलं, तर त्याला ते प्रेम आहे हे कळायला तरी हवं ना!

शेवटी कुणीतरी घोषबाबूंचं नाव सुचवलं. सैन्यात कुत्र्यांना सुरुंग हुंगायला शिकवण्यात त्यांची हयात गेली, आणि आता निवृत्तीनंतर ते दर रविवारी लोकांच्या लाडावलेल्या कुत्र्यांना लवंगेच्या तेलाचा बोळा शोधायला शिकवतात. पुठ्ठ्याची खोकी ओळीने मांडायची, एकात तो बोळा ठेवायचा आणि कुत्र्याला सोडायचं. वास सापडला की कुत्र्याने तिथं बसायचं, मालकाने हात वर करून "मिळालं" म्हणायचं, बरोबर असेल तर उकडलेल्या कोंबडीचा तुकडा. ना चोर, ना स्फोटकं, सगळा निव्वळ आनंदाचा मामला. पण त्या आनंदालाही एक शिस्त होती, आणि ती पहिल्याच दिवशी घोषबाबूंनी मला बजावली. ते मला बौदी म्हणतात, म्हणजे वहिनी. "बौदी, नाक उसका है, आपका नहीं. वो सच बोले और आप उसको झूठा बोल दो, तो अगली बार वो बोलेगा ही नहीं."

माझं नाक नाही, हे त्यांना कुठं ठाऊक होतं!

आणि काय सांगू, पलंगाखालचा तो जीव त्या खोक्यांपाशी मान ताठ करून चालू लागला. जगात आपल्याला काहीतरी येतं, आणि ते आपण सांगितलं तर कुणी ऐकतं, एवढं कळलं की भय ओसरतं, हे मी त्याच्याकडून शिकले. महिन्याभरात तो आमच्या देखत जेवू लागला. पुढे एकदा सोसायटीतल्या मुलांनी त्याला घेरलं, आणि मीच गोंधळून त्याच्यावर ओरडले. तेवढ्याने तो पंधरा दिवस पुन्हा पलंगाखाली गेला. म्हणून घोषबाबूंनी डिसेंबरात त्या मैदानावर जाहीर स्पर्धा ठेवली, तेव्हा जावं की नाही अशा विचारातच मी पोचले. बक्षिसाची कुणाला पर्वा होती? चार लोकांत माझ्या हातून त्याचा पुन्हा अपमान झाला तर तो कायमचा मिटेल, ही भीती होती.

आमची पाळी आली तेव्हा अंगात हुडहुडी भरली होती. पिशवीतली शाल काढून मी पांघरली आणि भुलूला म्हटलं, "शोध."

दहा खोकी होती. त्याने पहिली दोन हुंगली, थबकला, मागे वळला आणि येऊन माझ्यासमोर बसला. लोक हसले. मी हलकेच पुन्हा म्हटलं, "शोध." तो गेला, तिसऱ्या खोक्यापर्यंत पोचला आणि पुन्हा परतून माझ्यासमोर बसला. घोषबाबूंच्या हातातलं घड्याळ चालूच होतं. त्यांचा चेहरा नेहमीसारखा कोरा. कुणीतरी बंगालीत म्हणालं, "भॉय पेयेछे," घाबरलाय. मलाही तेच वाटलं. आता "शोध" म्हणून पुन्हा ढकलावं, की पट्टा लावून न्यावं घरी?

तेवढ्यात मी त्याच्याकडे नीट पाहिलं. घाबरलेला भुलू समोर बसत नाही. तो माझ्या पोटऱ्यांमागे दडतो, कान चपटे करतो. हा तर पुढे बसला होता, कान उभे, नजर माझ्या शालीच्या काठावर खिळलेली. खोक्यापाशी बसावा तसा. तो मला काहीतरी सांगत होता आणि मी त्याला एकदा खोटं पाडलं होतं. दुसऱ्यांदा पाडलं असतं तर? शाल नाकाशी नेऊन मला काय कळणार होतं? हात एकदाच वर करता येतो. चुकला की संपलं. त्याचं शेपूट आता हळूहळू खाली जात होतं.

मी हात वर केला. "मिळालं."

मी वाकून त्याला कोंबडीचा तुकडा दिला, एक नाही, मुठीतले सगळे.

घोषबाबू चालत आले. "बौदी, बक्सा तो सातवाँ था. नियम नियम है." मग त्यांनी शालीचा काठ उचलून हुंगला आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "इसमें तो लौंग है. आपको नहीं आया?"

तेव्हा उलगडा झाला. आदल्या दिवशी एका मराठी मैत्रिणीकडे गोडा मसाला पोचवला होता, त्याच पिशवीतून. पुडी तळाशी फाटली होती. घरी आल्यावर पिशवी झटकली, स्वच्छ दिसली आणि मी शाल घडी करून तीत ठेवली. ज्याला वास येतो अशा कुणीही ती पिशवी धुतली असती.

इतके दिवस लपवलेलं मग सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की मला वासच येत नाही, कशाचाच नाही. घोषबाबूंनी विचारलं, "तो फिर आपने हाथ कैसे उठाया?"

"उसने बताया," मी म्हटलं.

निकालाच्या कागदावर आमच्या नावापुढे फुली पडली, आणि ती रास्तच होती. सगळ्यांच्या पाळ्या संपल्यावर घोषबाबूंनी खोकी पुन्हा मांडली, स्पर्धेबाहेर, नुसती आमच्यासाठी. शाल दूर गाडीत ठेवली होती आणि मी कुडकुडत उभी होते. विश्वास म्हणजे काय हे मी आजवर कितीदा ऐकलं, कितीदा इतरांना सांगितलं; पण आपल्याला स्वतःला पडताळून पाहण्याची सोयच नसते, तिथंच तो सुरू होतो, हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली.

मी "शोध" म्हटलं. भुलू जागचा हलला नाही, माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, संपलं सगळं. मग तो वळला, ओळीवरून नाक फिरवत गेला, आठव्या खोक्यापाशी बसला आणि मान वळवून त्याने माझ्याकडे पाहिलं.

घोषबाबूंच्या चेहऱ्याकडे न बघता मी हात वर केला.