सुधाकरची पहिली लेन्स आणि दसारामजींचे पाय

राइस मिलच्या मागे कोंड्याचा ढीग असतो. तो कोणी मुद्दाम रचत नाही, मिल चालू राहिली की आपोआप वाढतो. आमच्या तुमसरला राजूभाऊच्या फोटो स्टुडिओत किस्से असेच जमत गेले. माझं बियाण्यांचं दुकान बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे. हंगाम सोडला तर गिऱ्हाईक कमी, म्हणून माझा अर्धा दिवस स्टुडिओतल्या बाकावरच जातो. बायको म्हणते, "दुकानाले कुलूप लावा, आन् तिकडंच बोर्ड लावा!"

बाकावरचे दुसरे गायधने गुरुजी. शाळेतून निवृत्त झाले आणि पक्ष्यांच्या मागे लागले. तिसरा सुधाकर, जवळच्या करडी गावचा, मिलच्या ऑफिसात नोकरीला. त्याच्या पहिल्या लेन्सपायी जे रामायण घडलं, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

*

एक दिवस सुधाकर टॉवेलात गुंडाळून डीएसएलआर घेऊन आला. ओळखीच्या कोण्या लग्नवाल्या फोटोग्राफरने नवा कॅमेरा घेतला आणि जुना याच्या गळ्यात मारला होता.

राजूभाऊने टॉवेल उघडला. "आन् लेन्स?"

"नुसती बॉडीच भेटली, भाऊ."

"म्हणजे बंडी आणली, बैल राहिले!"

"थेच तं विचाराले आलो. पहिली लेन्स कोणती घेऊ?"

आम्ही विचारलं, फोटो कशाचे काढणार? तो म्हणाला, "बाबाचा एक पायजे. मनासारखा. आधार कार्डावर एकच आहे, त्यात बाबा पकडून आणल्यासारखे दिसतेत!"

त्याच्या वडिलांना, दसारामजींना, मी चांगला ओळखतो. दरवर्षी धानाचं बियाणं माझ्याकडूनच नेतात. बोलता बोलता खुदकन हसतील, डोळे बारीक होतील, सगळा चेहरा सुरकुत्यांनी भरून जाईल. पण कॅमेराच काय, नुसता मोबाइल दिसला की घरात जातील, धुतलेलं धोतर नेसतील, टोपी घालतील आणि श्वास रोखून अटेन्शनमध्ये उभे राहतील! चेहरा भलत्याच माणसाचा होऊन जातो. सुधाकरला ते हसणारे बाबा हवे होते. ते थकत चालले होते, हे तो बोलला नाही, पण आम्हाला समजलं.

*

पहिला सल्ला गुरुजींचा. "झूम घे, लंबीवाली. दुरून काढाचा, बाबाले मालूमच नाही पडत."

गुरुजींच्या स्वतःच्या लंब्या लेन्सची गोष्ट आम्हाला पाठ आहे. ते एकदा नाकाडोंगरीकडे पक्षी टिपायला गेले. स्टँड लावला, त्यावर हातभर नळीवाला कॅमेरा चढवला आणि झाडाकडे डोळा लावून बसले. त्या भागात खदानी. गावातल्या लोकांनी नळी पाहिली, मोजणीवाले साहेब आले असं समजले, आणि थोड्याच वेळात गुरुजींभोवती गाव गोळा झालं.

"साहेब, नवी खदान कोणत्या अंगाले निघून राहिली?"

"मी खदानवाला नाही गा! पक्ष्यायचे फोटो काढतो."

एक म्हातारबा जवळ आले. नळीला हात लावून पाहिला. "पाखराचा फोटो काढाले एवढी मोठी नळी? आता खरं सांगा ना, साहेब!"

मग खाट आली, चहा आला. दोघांनी आपापलं शेत कुठून कुठवर आहे ते हाताने दाखवून ठेवलं. पक्षी तर पहिल्याच गलक्यात उडाला होता. आजही त्या रस्त्याने गुरुजी गेले की कोणीतरी हटकतंच, "साहेब, मंग काय झालं आमचं?"

*

तरी सुधाकरने गुरुजींची नळी उसनी नेली. रोवणीचे दिवस होते. दसारामजी बांधीत, धानाच्या वाफ्यात, चिखलात उभे राहून बायांना रोपाच्या पेंढ्या देत होते. सुधाकर बोडीच्या, म्हणजे शेताजवळच्या तळ्याच्या पाळीवर, बेशरमाच्या झुडपाआड दबा धरून बसला.

एका बाईला झुडपातून नळी दिसली. ती ओरडली, "कोन व्हय गा थो? बायायचे फोटो काढून राहिला!"

रोवणी थांबली. बायांनी जी तोंडं सोडली ती थेट बोडीच्या पलीकडच्या गावात ऐकू गेली. दसारामजी काठी घेऊन पाळीवर चढले, झुडूप बाजूला केलं, आणि आत स्वतःचंच पोरगं!

"फोटो पायजे होता तं घरी सांगाचं ना बे! बापाचा फोटो चोरून कायले काढतं?"

त्या दिवशी एकच फोटो निघाला. त्यात काठी एकदम शार्प आहे, दसारामजी मागे धूसर. सुधाकरने बायांची हात जोडून माफी मागितली आणि नळी गुरुजींना परत केली.

*

मग राजूभाऊची पाळी. "नवशिक्यानं गुमान किट लेन्स घ्यावी. अठरा-पंचावन्न. जवळचंही निघते, अख्खं वऱ्हाडही मावते. आपल्या इकडं फोटोत मावला नाही थो रुसला समज."

हे तो अनुभवाने बोलतो. एका लग्नात ग्रुप फोटोच्या कडेला नवरदेवाकडच्या मोठ्या जावयाचे पाय कापले गेले. जावयाने मोबाइलमध्ये तो फोटो पाहिला आणि पंगतीतून ताट सारून उठला. "माये पाय काहून नाही आले? मी का लंगडा आहो?" नवरीचा घास तोंडात होता, तिलाही उठवून आणलं! सगळं वऱ्हाड पुन्हा उभं केलं, जावयाचे पाय बुटांसकट घेतले, तेव्हा कुठे पंगत पुढे सरकली.

"आपल्या लोकायचा फोटो पायापासून सुरू होते," राजूभाऊ म्हणाला. "हे ध्यानात ठेव."

सुधाकरने ध्यानात ठेवलं नाही. त्याने स्टुडिओतली पन्नासची लेन्स लावून पाहिली. या लेन्सला झूम नसतो, आपणच पुढे-मागे चालायचं. त्याने राजूभाऊचाच एक फोटो काढला. चेहरा असा उठून आला की आम्ही पाहतच राहिलो, मागचं सगळं दुकान दुधासारखं पुसट.

राजूभाऊ मात्र नाराज. "दुकानाचा बोर्ड दिसून नाही राहिला! मंग काय कामाचा?"

सुधाकरने तीच लेन्स घेतली. मला मनातून बरं वाटलं. ज्या माणसाचा चेहरा पाहिजे, त्याच्याजवळ तर जावंच लागणार.

*

पण जवळ जाऊनच घोळ झाला.

दसारामजी अंगणात दोर वळत बसले होते. सुधाकर समोर उकिडवा बसला, त्यांना बोलण्यात गुंतवलं, ते हसले, आणि त्याने बटण दाबलं. छातीपासून वर, नुसता चेहरा. हवा होता तोच! आनंदाने त्याने बाबांना दाखवला.

दसारामजींनी बराच वेळ पाहिलं. "पाय कुठी आहेत?"

"बाबा, ही लेन्स चेहऱ्याची आहे."

"असा अर्धा फोटो तं गेलेल्या माणसाचा काढतेत. हार घालाचा. मले आत्ताच भिंतीवर टांगतं काय?"

आत आईने ऐकलं. ती भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. "पुसून टाक. आधी पुस थे!"

त्याने तिच्यासमोर पुसला. दुसऱ्या दिवशी लेन्स डब्यात घालून स्टुडिओत आला. "भाऊ, किट लेन्सच द्या." त्याचा चेहरा पाहून कोणी चेष्टा केली नाही. राजूभाऊ म्हणाला, "माल येऊ दे, मंग बदलून देतो." माल केव्हाच आलेला होता. कपाटात मीच पाहिला होता!

*

पुढे धान निघालं, आणि करडीचे डोमाजी वारले. दसारामजींचे बालपणापासूनचे दोस्त. त्यांचा मुलगा ऐन तेरवीच्या सकाळी स्टुडिओत आला. हाताशी एकच फोटो, कोण्या लग्नातला ग्रुप. राजूभाऊने त्यातून डोमाजी कापून मोठे केले, पण खांद्यावर कोणाचातरी हात राहिला. तो खोडायला गेलं की खांदाच जायचा, आणि मुलाला तर घाई.

शेवटी मुलगाच म्हणाला, "राहू द्या, भाऊ. मामाचा हात व्हय. बाबा जिते होते तवाही मामा त्यायच्याच खांद्यावर होता!"

आम्ही हसलो. तो फोटो तसाच फ्रेम होऊन गेला, हातासकट.

*

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी दसारामजी स्टुडिओत आले. रोजचाच सदरा, धोतराला धुळीचे डाग. सुधाकर मागून, कॅमेरा गळ्यात, गोंधळलेला. दसारामजी स्टुलावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"थे जवळची लेन्स आहे ना? थे लाव."

"बाबा, पण..."

"डोमाच्या तेरवीले जेवून आलो. त्याच्या खांद्यावर साळ्याचा हात! मले नाही पायजे असं कोणाच्या लग्नातून कापून आणलेलं."

सुधाकरने डब्यातून लेन्स काढून लावली. पुढे सरकला, आणखी पुढे. कॅमेरा काही स्थिर होईना.

"हालून काहून राहिला बे?" दसारामजी म्हणाले. "फोटो माया निघून राहिला का तुया?" आणि स्वतःच खुदकन हसले.

बटण दाबलं गेलं.

त्यांनी कॅमेरा हातात घेऊन फोटो पाहिला. "चांगला आला," ते म्हणाले. "हा ठेवून दे. याची काही घाई नाही. आता घरी लावाचा काढ, पुरा."

ते उठले, धोतर झटकलं, टोपी घातली आणि छाती काढून दारासमोरच्या भिंतीशी उभे राहिले. सुधाकर मागे सरकायला लागला. पन्नासच्या लेन्समध्ये उभा माणूस मावायचा तर स्टुडिओ अपुरा! तो दारातून बाहेर गेला, पायरी उतरला, रस्त्यावर गेला. मी धावत जाऊन धानाचा एक ट्रॅक्टर हात दाखवून थांबवला. सुधाकर आणखी मागे, पार माझ्या दुकानाच्या पायरीला टेकला, आणि एका हाताने डोळे पुसून त्याने कॅमेरा वर केला.

आतून, अटेन्शनमधूनच, दसारामजींचा आवाज आला, "पाय आले काय बे?"