आखूड बाहीची नोंद

चाळीस वर्षं सुईत दोरा ओवल्यावर शिंपीकाकांनी दुकान बंद केलं आणि किनाऱ्यावरच्या टेहळणी चौकीत बिनपगारी नाव घातलं.

"जन्मभर नाकासमोरचे टाके पाहिले, आता समुद्र बघणार म्हणे," काकू म्हणाल्या. पण डबा भरून दिला.

चौकी म्हणजे काचेची एक खोली. टेबल, दुर्बीण, वायरलेस आणि नोंदवही. वहीत वारा, लाटा, होड्या लिहायच्या. काका माणसं लिहीत. 'ओहोटीला कातळावर गेले सात. एक लाल झगा, कंबरेत ढिला. एक विजार, शिलाई उसवलेली.'

चौकीच्या प्रमुख होत्या निवृत्त मुख्याध्यापिका. शनिवारी त्यांनी वही तपासली, तीही लाल पेन घेऊन. "काका, तुम्हाला इथे मापं घ्यायला बसवलेलं नाही. पुन्हा असं दिसलं तर वही दुसऱ्याकडे देईन."

काकांनी मान डोलावली. रविवारी दुपारी हात पुन्हा वळलाच. कातळावर गेले नऊ. भरती सुरू झाली तेव्हा परतले आठ. आता तर परतीची वाटही पाण्याखाली चालली होती.

खबर खोटी निघाली तर वही जाणार; नाही दिली तर कदाचित माणूस. काकांनी वहीत परतलेल्यांच्या एकेका कपड्यावर खूण केली. एकच उरला. त्यांनी वायरलेस उचलला.

"वर्णन सांगा," बचावनौकेवरून आवाज आला.

"तपकिरी कोट. डावी बाही अर्धा इंच आखूड."

"अहो, वय? उंची?"

"ते नाही पाहिलं. छाती बेचाळीस."

वीस मिनिटांत माणूस सापडला. कातळाच्या पलीकडच्या अंगाला गळ टाकून बसला होता आणि आता कमरेएवढ्या पाण्यात खडकाला धरून उभा होता. त्याला घोंगडीत गुंडाळून चौकीत आणलं तेव्हा प्रमुख बाईही घाईघाईने पोचल्या होत्या.

"इतक्या लांबून अर्धा इंच दिसला तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

काका खिडकीबाहेर बघू लागले.

"न दिसायला काय झालं? यांनीच शिवलाय," कुडकुडत माणूस म्हणाला. "सात वर्षं सांगतोय. म्हणतात, तुमचा हातच लांब आहे."

बाईंनी वही काकांपुढे सरकवली. "ही तुमच्याकडेच राहू द्या. पण आधी नोंद पूर्ण करा."

काकांनी लिहिलं, 'परतले नऊ.' बाई हलल्या नाहीत. मग त्यांनी खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'बाही आखूड. चूक शिंप्याची.'