तीन मिनिटांचे जमादार

दुसरं महायुद्ध चालू होतं तेव्हा मी वालूरच्या शाळेत मास्तर होतो. एके दिवशी हैदराबादेहून एक सरकारी साहेब मोटारीतून आले. सोबत चालत्या चित्रांचा कॅमेरा. पहिल्या लढाईतून परतलेल्या शिपायांच्या आठवणी फिल्मवर घ्यायच्या आणि त्या दाखवून पोरांना फौजेत जायचा जोश आणायचा, असं फर्मान होतं. माझ्या वर्गातल्या पोरांना जोश कमी करायचं औषध हवं होतं. पण मास्तरला कोण विचारतो.

गावात तसा शिपाई एकच, आमचे जमादार. मिसर देशात, म्हणजे इजिप्तात, घोड्यावर लढून आलेले. कॅमेऱ्यात आवाज धरायची सोय नव्हती. तेव्हा ते बोलतील ते मी उतरून घ्यायचं आणि चित्र दाखवताना मोठ्यानं वाचायचं, असं ठरलं. साहेबांना मराठीचं अक्षरही कळत नव्हतं.

जमादारांनी ट्रंकेतला कोट घातला, फेटा बांधला, निंबाखाली उभे राहिले आणि श्वास रोखला. उभ्या गावाला कॅमेऱ्याबद्दल एकच गोष्ट ठाऊक होती : हललं की चेहरा पुसला जातो. परभणीच्या फोटोवाल्यानं तसा दमच भरलेला होता. साहेब ओरडत होते, "हिलो, कुछ बोलो." मीही सांगून पाहिलं. जमादारांच्या पापणीनंसुद्धा ऐकलं नाही. तीन मिनिटांची फिल्म संपली. साहेब कपाळाला हात लावून मोटारीत जाऊन बसले.

मग जमादारांनी श्वास सोडला. म्हणाले, "मास्तर, आता लिवा."

मी लिहिलं. गावातला एक धनगर त्यांच्याबरोबर गेला होता, घोड्यांची निगा राखायला. तो तिकडे तापानं गेला. परत आल्यावर जमादारांनी चावडीवर त्याच्या बायकोला सांगितलं, "त्यो मागच्या जहाजानं यायलाय." पुढं सरकारी कागद आला, तो उर्दूत. तिनं वाचायला जमादारांकडेच दिला. त्यांनी त्यातही तेच वाचलं. पंचवीस वर्षं ती बाई मेंढरं राखत होती, घोंगड्या विकत होती आणि रोज कपाळाला कुंकू लावत होती.

"माज्या तोंडातून निघत न्हाई," ते म्हणाले. "तुमी वाचा तिच्याम्होरं."

मला राग आला. म्हणालो, "तिच्या घरी जाऊन सांगा."

"घरी लय येळा गेलो. दूध पिऊन माघारी आलो."

"मग चारचौघांत सांगायचं?"

"खोटं चारचौघांतच बोललो हुतो, मास्तर."

मी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

महिन्याभरानं साहेब फिल्म धुऊन घेऊन आले. शाळेच्या खोलीत भर दुपारी खेळ ठेवला. उजेड अडवायला खिडक्यांना घोंगड्या टांगल्या. त्या अर्थातच त्याच बाईच्या, आणि तीही आली, आपल्या घोंगड्यांवर लक्ष ठेवायला. भिंतीवर जमादार उभे राहिले, ते हलेचनात. पोरं म्हणाली, ह्यो तर फोटू हाय. खरे जमादार भिंतीशेजारी तसेच ताठ उभे होते.

मी वाचू लागलो. "तापाच्या तिसऱ्या दिशी गेला. म्याच माती दिली. मेंढरांचं इचारायचा. बायकोचं इचारायचा न्हाई. तिचं नाव काढलं की रडू यायचं त्याला."

साहेबांना वाटलं बहादुरीचंच काही चाललंय. ते मागून म्हणाले, "शाबाश."

ती उठली. तिनं खिडकीवरची घोंगडी काढली. ऊन आत आलं आणि भिंतीवरचे जमादार पुसले गेले. तिनं घोंगडी खऱ्या जमादारांच्या पायाशी अंथरली.

"भाऊजी," ती म्हणाली, "लय वर्सं हुबं ऱ्हायलात. बसा आता."

जमादार बसले. मग त्यांचे खांदे हलायला लागले.